गाडी आपली, किल्ली कोणाची?

(जालना जिल्ह्यातील एका प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज आम्ही मोटारीविषयी बोलणार आहोत. मागच्या बाजूला कोणीतरी हसले. "आमच्याकडं कुठं मोटार?" असेच ना? तुमचे म्हणणे खरे आहे. या वर्गात मोटारवाले थोडेच. पण तुमच्या खिशात फोन आहे. घरात टीव्ही आहे. कोणाच्या मळ्यात सौर पंप आहे. जी गोष्ट आज मोटारीत शिरली आहे, ती या सगळ्यांत आहे. म्हणून ऐका.

आमचे एक शेजारी आहेत. त्यांची मोसंबीची बाग आहे. दोन-तीन वर्षे बागेने चांगला हात दिला, तेव्हा त्यांनी नवी मोटार घेतली. मोटार अशी, की फोनवरून तिला हुकूम सोडता येतो. दार लागले की नाही, ते घरात बसून कळते. गाडीत बसायच्या आधी फोनवर बोट ठेवले, की आत गार हवा सुरू होते. जालन्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. दुपारी पत्र्याला हात लागला तर चटका बसतो. शेजाऱ्यांनी सारी गल्ली गोळा करून ती गंमत दाखवली. आम्हीही टाळ्या वाजवल्या.

तीन वर्षे गेली. एक दिवस त्यांनी फोनवर बोट ठेवले. काहीच झाले नाही. पुन्हा ठेवले. फोनवर चार ओळी उमटल्या, त्याही इंग्रजीत. नातीने वाचून सांगितले, "आजोबा, मुदत संपली म्हणते. पुढं वापरायचं तर वर्षाचे पैसे भरा."

"कशाचे पैसे? गाडीचे हप्ते तर मी कवाच फेडले!"

"गाडीचे नाहीत आजोबा. फोनवरून गाडी चालू करायचे."

शेजारी कागद घेऊन आमच्याकडे आले. खरेदीच्या वेळचे माहितीपत्रक होते ते. पहिल्या पानावर मोटारीचे झकपक चित्र. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते, की ही सेवा पहिली तीन वर्षे विनामूल्य, नंतर शुल्क पडेल. लिहिलेले होते, म्हणून फसवले असे म्हणता येईना. पण तोंडाने कोणी सांगितले नव्हते. विकणाऱ्याने सांगितले नाही आणि घेणाऱ्याने विचारले नाही.

आता हे घडते कसे, ते पाहू.

अशा मोटारीत एक सिम बसवलेले असते. तुमच्या फोनात असते तसेच. फक्त ते काढता येत नाही. तुम्ही फोनवर बोट ठेवता, तेव्हा निरोप थेट गाडीला जात नाही. तो आधी कंपनीच्या मोठ्या संगणकाकडे जातो. तिथून तो गाडीकडे येतो. फोन ओसरीवर आणि गाडी अंगणात, मध्ये दहा पावले. तरी निरोप मात्र कुठल्या कुठे फिरून येतो. मधल्या माणसाने निरोप अडवला, की तुमचे बोट फुकट.

आपल्या देशात अशा गाड्यांचा गाजावाजा २०१९ साली झाला. त्या वर्षी मे महिन्यात ह्युंदाईची व्हेन्यू आली आणि जूनमध्ये एमजीची हेक्टर आली. पुढे बहुतेक कंपन्यांनी तीच वाट धरली. सौर पंपाच्या पेटीतही सिम असते. पंप किती चालला, ते दूर बसून दिसते. प्रवासी भाड्याच्या गाड्यांचेही तसेच. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या नव्या गाड्यांत ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि संकटाचे बटण सक्तीचे झाले. रिक्षा त्यातून वगळल्या. त्या यंत्रातही सिम आहे, आणि त्याचीही मुदत संपते. रात्री एकटी बाई प्रवास करीत असेल, तिने बटण दाबले आणि मालकाने पैसे भरलेले नसतील, तर? गार हवेची गोष्ट वेगळी, ही वेगळी.

तुम्ही म्हणाल, वर्षाला पैसे देणे हे काही नवे नाही. बरोबर. आपल्या आज्या-पणज्यांनी बलुते दिलेच होते. सुतार वर्षभर नांगर, वखर, पाभर दुरुस्त करी. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा निघे. त्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता. कोणाला किती द्यायचे ते बहुधा देणाराच ठरवी, आणि घेणाऱ्याने जातीपायी खाली मान घालून उभे राहायचे. ती परत यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सुतार येऊन काम करी, तेव्हा त्याला बलुते मिळे. उद्या बलुते थांबले, तर सुतार येणार नाही. नांगर मात्र तुमच्या गोठ्यातच राही. सुताराने घरी बसून तुमचा नांगर बंद पाडला, असे कधी झाले नाही.

दुसरे उदाहरण तर जालन्याच्या घरचेच आहे. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या आधी शेतकरी काय करी? चांगली कणसे निवडून ठेवी. बी राखेत घोळून मडक्यात भरी. पुढच्या मृगाला तेच पेरी. संकरित बी आले आणि दरवर्षी पिशवी विकत घेणे आले. का? कारण संकरित पिकाचे बी राखून पेरले, तर दुसऱ्या वर्षी झाडे एकसारखी येत नाहीत आणि उतारा घटतो. हा त्या बियाण्याचा गुणच आहे. दुकानातून कोणी तो बंद करीत नाही. शेतकऱ्याने हिशेब केला. पिशवीला इतके गेले, उतारा इतका वाढला. ज्याला परवडले त्याने घेतली. ज्याला नको त्याने सरळ वाण पेरले, आणि ते बी राखायची मोकळीक २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्याला दिली आहे. पिशवी दरवर्षी घ्यावी लागणार, हे त्याला पेरणीआधी ठाऊक असते.

मोटारीची गोष्ट कुठे निराळी होते? जी वस्तू तुम्ही पूर्ण किंमत देऊन घेतली, जी तुमच्या दारात उभी आहे, तिचाच एखादा भाग पैसे न भरल्याने मुका होतो. परदेशात हे उघड झाले २०२२ साली. बीएमडब्ल्यू कंपनीने काही देशांत आसन गरम करायची सोय महिन्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. इंग्लंडात महिन्याला १५ पौंड. आपल्याला आसन गरम करायचे म्हटले की हसू येते, पण तिकडे बर्फ पडतो. गंमत अशी, की गरम करणाऱ्या तारा त्या आसनात आधीच बसवलेल्या होत्या. पैसे भरले की कुलूप उघडायचे, एवढेच. लोक चिडले. माझ्याच गाडीतली तार, तिचे भाडे मी का देऊ? २०२३ साली कंपनीने तो बेत सोडला.

लोक रागावले म्हणून फरक पडला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

आणखी एक. तुम्ही पैसे भरले तरी सेवा चालेलच असे नाही. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टी या कंपनीने आपले जुने थ्रीजी जाळे बंद केले. ज्या जुन्या मोटारी त्या जाळ्यावर बोलत होत्या, त्यांतल्या कित्येकांची अपघातात आपोआप मदत बोलावण्याची सोय बंद पडली. गाडी धडधाकट, पण तिची वाचा गेली. आपल्याकडे मोटार पंधरा वर्षे वापरतात. ट्रॅक्टर तर बापाचा मुलाकडे येतो. तोवर कोणते जाळे चालू राहील?

आता गाडी काय बोलते, तेही ऐका. ती फक्त तुमचे ऐकत नाही, तुमच्याविषयी सांगतेही. कुठे गेलात, किती वेगाने गेलात, ब्रेक किती जोरात दाबला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने जनरल मोटर्सवर आरोप ठेवला, की चालकांची अशी माहिती तिने नीट संमती न घेता जमवली आणि विकली. ती विम्याचे दर ठरवण्याच्या कामी आली. पाच वर्षे अशी माहिती पत तपासणाऱ्या संस्थांना द्यायची नाही, असे त्या कंपनीला बजावण्यात आले. आपल्याकडे व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे ठरले. कायदा झाला हे चांगलेच. पण "मी संमत आहे" यावर बोट ठेवण्याआधी तो कागद वाचणार कोण?

इथे आम्हाला आपल्या वर्गातल्या एका मावशींची आठवण येते. त्या समोरच बसल्या आहेत, नाव घेणार नाही. मावशींच्या खात्यातून दर महिन्याला ९९ रुपये जात. मुलाने क्रिकेट पाहायला फोनवर एक वाहिनी घेतली होती. पहिला महिना फुकट होता. सामने संपले, मुलगा पुण्याला कामाला गेला, वाहिनी कोणी पाहीना, पण पैसे जातच राहिले. मावशींना वाटे, बँकच काहीतरी कापते. मागच्या पावसाळ्यात त्या आकडे आणि इंग्रजी अक्षरे शिकल्या. एक दिवस फोन घेऊन आल्या. "बाई, हा नव्याण्णव कामून येतो दर महिन्याला?" संदेशात पुढे ज्या शब्दावर त्यांनी बोट ठेवले, तो होता 'ऑटोपे'. म्हणजे आपोआप पैसे द्यायची परवानगी. फोनमधल्या पैशाच्या ॲपमध्ये अशा परवानग्यांची यादी असते. ती उघडली, परवानगी रद्द केली. दोन मिनिटे लागली. वर्षाचे ११८८ रुपये वाचले. खुरपणीचे किती दिवस होतात ते तुम्हीच मोजा.

रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे, की असे पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवावे. मावशींना संदेश येतच होते. पण मराठीत नव्हते! पैसे मागायचे तर मराठीत मागा, असे आम्ही म्हणतो.

फोनचा हिशेबही तसाच. २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे महिना नव्हे. वर्षात १२ महिने, पण रिचार्ज १३. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामकाने ३० दिवसांची योजना ठेवायला लावली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी सांगितले, की ज्यांना फक्त बोलायचे आहे त्यांच्यासाठी इंटरनेटशिवायची योजना द्या. दुकानात विचारल्याशिवाय ती कोणी दाखवत नाही, एवढेच.

वर्षाचे पैसे भरणे नेहमी वाईट, असेही धरू नका. १५ ऑगस्ट २०२५ ला फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. तेव्हा ३,००० रुपयांत राष्ट्रीय महामार्गावरच्या २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. ज्याला त्या रस्त्याने रोज जायचे, त्याला तो स्वस्त पडतो. आमच्या शेजाऱ्यांनीही उत्साहाने घेतला. पण त्यांचे जाणे-येणे सगळे समृद्धी महामार्गाने. तो आपल्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो खरा, पण तो राज्याचा रस्ता. तिथे हा पास चालत नाही!

मग वस्तू घेताना काय विचारावे? फार नाही. फुकट मुदत कधी संपते? पुढे वर्षाला किती? आणि पैसे नाही भरले तर नेमके काय काय बंद पडेल? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. उत्तर तोंडी घेऊ नका, पावतीच्या मागे लिहून घ्या. लिहायला विकणारा कां-कूं करू लागला, तर समजा की उत्तर आपल्या सोयीचे नाही. सोडता न येणाऱ्या वर्गणीत ग्राहकाला अडकवणे हे केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या सूचनांत गैर ठरवले आहे. तक्रारीला १९१५ हा फोन आहे, मराठीतही बोलता येते. पुढे जालन्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

आमच्या शेजाऱ्यांनी शेवटी काय केले, ते सांगायचे राहिले. त्यांनी विकणाऱ्याला पत्र लिहून विचारले, की काय बंद पडते आणि काय चालू राहते. पंधरा दिवसांनी उत्तर आले. किल्ली चालेल, इंजिन चालेल, गार हवा आत बसून लावता येईल. फोनवरून लावता येणार नाही, आणि गाडी चोरीला गेली तर ती कुठे आहे ते दिसणार नाही. घरात दोन दिवस चर्चा झाली. नात म्हणाली भरा, चोरीचं काय सांगता. आजी म्हणाल्या, दार उघडून दोन मिनिटं थांबायला काय झालं? त्यांनी या वर्षी पैसे भरलेले नाहीत. गाडी कडुनिंबाखाली लावतात.

पुढच्या बुधवारी येताना आपापले फोन चार्ज करून आणा. बँकेचे संदेश पुसू नका. एकेकाचे उघडून सगळे मिळून वाचू. ज्यांचा चष्मा घरी राहतो, त्यांनी तोही आणावा.