वाकलेली पाठ आणि मणक्यातील चिरा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आपल्या किनाऱ्यावरील वाड्यांची जी दैना केली, ती आपणांपैकी कोणी विसरलेले नाही. पडलेल्या पोफळी आपण मोजल्या. उभ्या राहिलेल्या पाहून समाधान मानले. आमच्या वाडीतील अशा उभ्या राहिलेल्या दोन पोफळी पुढच्या पावसाळ्यात साध्या वाऱ्याने मोडल्या. बाहेरून खोड शाबूत दिसत होते. आतले तंतू आधीच तुटलेले होते. माणसाच्या मणक्याचेही असेच होते, हे आम्हांस घरच्याच एका प्रसंगाने शिकविले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाही. परंतु जे कळले ते पाचवीच्या वर्गास समजेल असे सांगण्याची जन्मभराची सवय आहे.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना घरात आम्ही अक्का म्हणतो, वयाच्या सत्तराव्या वर्षी विहिरीवर भरलेला हंडा उचलताना मटकन खाली बसल्या. उसण भरली असे सर्वांनी ठरविले. तेल चोळले, वाळूचा शेक दिला. एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थांनी पाठीवर गुडघा देऊन दाबलेही. आम्ही जवळ उभे राहून पाहत होतो. चार महिन्यांनी छायाचित्र काढले, तेव्हा एक मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, हे एका हंड्याचे काम नव्हे."

मग कशाचे? बकऱ्याच्या नळीचे टोक आपण सर्वांनी पाहिले आहे. आतील हाड भरीव नसते. बारीक काड्या आणि पट्ट्यांची जाळी असते व पोकळ्यांत मगज असतो. आपल्या मणक्याच्या आत, खुब्यात आणि मनगटाशी असेच सच्छिद्र हाड आहे. त्यातील एकेक काडी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतकी जाड. १८६६-६७च्या सुमारास झुरिक येथे कुल्मान नावाच्या इंजिनियराने मांडीच्या हाडाचा छेद पाहिला, तेव्हा भार उचलणाऱ्या यारीत ताण व दाब ज्या रेषांनी वाहतात त्यांच्यासारखीच ही जाळी त्यास दिसली. कोणी आराखडा न काढता हाड स्वतःच भाराप्रमाणे बांधले जाते!

मणक्यातील रचना मांडवासारखी समजावी. उभे खांब भार घेतात आणि आडवे वासे खांबांना वाकू देत नाहीत. मधला वासा निघाला व खांबाची मोकळी लांबी दुप्पट झाली, तर तो पूर्वीच्या चौथाई भारानेच वाकतो. हे ऑयलर या गणितज्ञाचे अठराव्या शतकातले गणित होय. उतारवयात, विशेषतः स्त्रियांचा विटाळ थांबल्यावर, आडव्या काड्याच प्रथम झिजून तुटतात.

आता चिरांविषयी. अडीच सेंटिमीटर उंचीचा मणका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतका दबला की आतल्या काड्यांना सूक्ष्म चिरा पडू लागतात. भार काढताच आकार जवळजवळ पूर्ववत होतो, म्हणून कोणास काही कळत नाही. पण हाडाचा ताठपणा कमी झालेला असतो. या चिरा साध्या छायाचित्रात दिसत नाहीत, आणि हाडातील घनता मोजणारे यंत्रही त्या मोजत नाही. १९६० साली हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी हाडास रंग पाजून मग त्याचे पातळ काप केले, म्हणून जिवंतपणी पडलेल्या चिरा ओळखता आल्या.

चीर पडली म्हणजे सारे संपले असे मात्र नाही. काही पेशी चिरलेला भाग खाऊन टाकतात; हे काम काही आठवड्यांचे. दुसऱ्या पेशी त्या खड्ड्यात नवे हाड भरतात, त्यास तीन-चार महिने लागतात. खड्डा भरेपर्यंत ती काडी आणखी दुबळी. तेवढ्यात रोज पुन्हा तोच भार आला तर दुरुस्ती मागे पडते. शिवाय म्हातारपणी खणलेला खड्डा पुरता भरतही नाही.

येथे कोणी म्हणेल, मग काम सोडावे. नव्हे! अंतराळात भार नसल्यामुळे अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड दर महिन्यास शंभरात सुमारे एक भाग घटते. खाटेवर पडून राहिल्यानेही हाड विरते. घातक असतो तो वाकून उचलण्याचा क्षण. तरफेचा नियम आठवावा: हंडा पाठीपासून हातभर पुढे, आणि पाठीचे स्नायू मणक्यामागे दोन-तीन बोटांवर. ते हंड्याच्या कित्येक पट जोराने ओढतात, आणि ती सारी ओढ मणक्यावर बसते.

आपल्या घराघरांतून म्हाताऱ्या बायकांच्या पाठी वाकल्या, आणि आपण "वय झाले" म्हणून मोकळे झालो. असे चेपलेले मणके बहुतेक वेळा ओळखलेच जात नाहीत. पन्नाशीपुढच्या बाईची पाठ वजन उचलताना एकाएकी धरली, तर कोणास ती दाबू देऊ नये. आधी छायाचित्र काढावे. एक मणका चेपला की दुसरा चेपण्याचा संभव पुष्कळ वाढतो, आणि त्यावर औषधे आहेत. हे आम्हांस चार महिने उशिरा कळले. तो गुडघा अजून आमच्या डोळ्यांपुढून जात नाही.

अक्कांनी विहीर सोडलेली नाही. आता हंड्याऐवजी लहान कळशी असते, तीही अर्धी; विहिरीलगत कमरेइतका चौथरा बांधून घेतला आहे, म्हणजे वाकणे नको. संध्याकाळी त्या किनाऱ्यावर चालावयास जातात, आणि आम्ही बरोबर निघालो तर म्हणतात, "तू सावकाश ये."