मोडीत काढण्यापूर्वी



मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाविषयी अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. परंतु जुने दप्तर केव्हा व कसे निकालात काढावे, हा प्रश्न सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या परिचयाचा असतो. संगणकाच्या जगातही तो उभा राहिला, त्याची ही हकीकत.

संगणकाचे यंत्र आणि आपले काम यांच्यामध्ये एक कारभारी असतो. त्याला कर्नल म्हणतात. तबकडीवर मजकूर मांडण्याच्या पद्धती अनेक, आणि प्रत्येकीसाठी कर्नलपाशी तिचा जाणता वाचक असावा लागतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००१ साली ‘रायझर-एफएस’ ही पद्धत दाखल झाली व पुष्कळ वापरली गेली. पुढे तिची निगा राखणारे उरले नाहीत. कर्नलमध्ये सुधारणा करावयाची, तर या बेवारस भागाचीही डागडुजी करणे आले. म्हणून २०२२ मध्ये ती कालबाह्य झाल्याची सूचना देण्यात आली आणि जानेवारी २०२५ मध्ये निघालेल्या ६.१३ या आवृत्तीत तिला निरोप मिळाला. तबकडीवरील मजकूर कोणी पुसला नाही. नव्या कर्नलला तो वाचता येत नाही, इतकेच.

याउलट २०१५ मध्ये ‘एक्स्ट-३’ या पद्धतीचा वेगळा वाचक काढला, तेव्हा कोणाचे अडले नाही. कारण ‘एक्स्ट-४’ या पुढच्या पिढीच्या वाचकाला जुनी तबकडीही वाचता येत होती.

हे ऐकताना मराठी मनाला मोडी आठवावी, यात नवल नाही. आपल्या या छत्तीसगडात बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुराहून राज्य केले. मराठ्यांच्या दप्तराची लिपी मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यास ती व्यवहारातून गेली; कागद राहिले, वाचणारे विरळ झाले. २०१४ मध्ये युनिकोडने मोडीला स्थान दिले खरे, पण अक्षरांना क्रमांक मिळाल्याने जुने रुमाल आपोआप वाचले जात नाहीत. त्याला जाणता माणूसच लागतो.

जुने काढूच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याची निगा कोणी राखत नाही, त्याचा भार सर्वांनी का वाहावा? परंतु वाचकाला निरोप देण्यापूर्वी मजकूर नव्या घरी पोहोचला पाहिजे. सूचना निघते, ती ज्याच्या कानी पडत नाही, त्याचेच नुकसान होते.

मुलूख सोडून आलेल्या आपल्यासारख्यांची खरी इस्टेट म्हणजे वडिलांची पत्रे, लग्नकार्यांची छायाचित्रे, आजीचा ध्वनिमुद्रित आवाज. कपाटातल्या जुन्या तबकड्या उघडून पाहा. उघडत आहेत तोवर त्यांची नवी प्रत करा, आणि तीही दोन ठिकाणी ठेवा. मोडी कागद असतील, तर जाणकाराकडून त्यांचे देवनागरीत लिप्यंतर करवून घ्या. हे काम पुढच्या पिढीवर सोपवू नये. तोवर वाचणारा शिल्लक असेलच, याची हमी कोणी द्यावी?