प्लायवूडचा काटकोन आणि हत्यारांची निवड
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, शिष्यवृत्त्या यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आज आम्ही आपल्या सुतारकामातील एका साध्या गोष्टीविषयी बोलणार आहोत. प्लायवूडचा तक्ता काटकोनात आणून बिनचूक कसा कापावा आणि त्यासाठी कोणती हत्यारे आधी घ्यावीत, हा तो विषय होय. तो किरकोळ वाटेल. परंतु ज्ञातीतील तरुण कर्ज काढून यंत्रे घेतात, तेव्हा तो त्यांच्या संसाराचाच विषय होतो.

प्रथम आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका घरी सात फूट उंचीचे कपाट करण्याचे काम आम्ही घेतले. कारखान्यातून आलेल्या तक्त्याचा कोपरा काटकोनातच असणार, असे गृहीत धरून आम्ही तो मधोमध उभा चिरला आणि तळाची आखूड कड न तपासता तशीच ठेवून दोन बाजूफळ्या काढल्या. ती कड चार फुटांत अवघी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तिरपी होती. त्यातून एक फळी फिरवून लावली गेली. एक पुढे झुकली, दुसरी मागे. वरच्या टोकाला दोहोंत साडेतीन सुतांचे अंतर पडले. दारे मिटेनात. माल आमच्या पदरचा गेला आणि यजमानांपुढे मान खाली घालावी लागली. दोष तक्त्यापेक्षा तो न पारखता कापणाऱ्या आमचा अधिक होता.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम धरला: पारखणारी हत्यारे आधी, कापणारी मागाहून. पूर्वीच्या सुताराला लाकूड ओबडधोबडच मिळे. म्हणून तो एक कड रंध्याने सरळ करी व तिच्यावरूनच पुढचे सारे मोजी. प्लायवूड गुळगुळीत येते, त्यामुळे आपण ती पहिली पायरीच विसरलो.

पहिले हत्यार सरळपट्टी. ती तक्त्याहून, म्हणजे आठ फुटांहून लांब असावी. तिच्या कडेने बारीक रेघ ओढावी, मग पट्टी उलटवून त्याच कडेने, त्याच दोन टोकांतून पुन्हा रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर पट्टी खरी.

दुसरे हत्यार गुण्या. सरळ कडेला लावून रेघ ओढावी, उलटवून त्याच बिंदूपासून दुसरी ओढावी. रेघा फाकल्या तर जेवढे अंतर, त्याच्या निम्मा गुण्याचा दोष. दुकानातच ही परीक्षा घ्यावी. भारी किमतीवर विसंबू नये. शिवाय एक फुटाच्या गुण्यातील अर्ध्या मिलिमीटरची चूक चार फुटांवर दोन मिलिमीटर होते. म्हणून मोठ्या तक्त्यासाठी तीन-चार-पाचचा हिशेब करावा: कोपऱ्यापासून आखूड कडेवर तीन फूट, लांब कडेवर चार फूट, आणि त्या दोन खुणांमधील अंतर नेमके पाच फूट. आयताच्या कर्णाचे हे गणित बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरी. सुतार हा शब्दही सूत्रधारापासून आला असे मानतात. दोरी आपल्या नावातच आहे.

तिसरा टेप. एका कामात आरंभापासून शेवटपर्यंत टेप एकच असावा. त्याने आधी समोरासमोरच्या बाजू समान आहेत ना हे पाहावे, मग दोन्ही कर्ण मोजावेत. 2440 बाय 1220 मिलिमीटरच्या तक्त्याचा कर्ण सुमारे 2728 मिलिमीटर भरतो. बाजू न मोजता नुसत्या कर्णांवर विसंबू नये. दोन बाजू तिरप्या असूनही कर्ण समान भरू शकतात.

आता कापणे. नव्या कारागिराने मोठे टेबलयंत्र घेण्याची घाई करू नये. हातात धरून चालवायची गोल पात्याची विजेची करवत, तिला कार्बाइडच्या 40 ते 60 दातांचे पाते आणि घरी केलेली मार्गपट्टी एवढ्यावर उत्तम काम होते. सहा मिलिमीटरच्या प्लायवर एक सरळ पट्टी चिकटवावी, तिला टेकवून करवत एकदा चालवावी. जी कड उरते, तीच पुढे पाते कोठून जाणार ते दाखवते. पाते स्वतः दोन-तीन मिलिमीटर लाकूड खाते, म्हणून ते रेघेच्या टाकाऊ बाजूस ठेवावे. या करवतीचे दात खालून वर येतात व कपच्या वरच्या अंगाला उडतात. म्हणून दर्शनी बाजू खाली ठेवावी. हातकरवतीचे नेमके उलट. कापण्यापूर्वी रेघेवर धारदार सुरी फिरवली तर कड स्वच्छ येते. पात्यावरचे संरक्षक झाकण काढू नये व भुश्यापासून नाकाला जपावे. बोटे आणि फुप्फुसे हप्त्याने मिळत नाहीत.

भगिनींनाही एक विनंती. घरात नवे कपाट आले की टेपने त्याच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजून पाहा. गिऱ्हाईक पारखी असले म्हणजे कारागीर आपोआप नेटका होतो.

तरुणांनो, कर्जाचा कागद करण्यापूर्वी गुण्या पारखायला शिका. खरी रेघ हाती असेल तर साधी करवतही अब्रू राखते. ती नसेल तर महाग यंत्र तीच चूक अधिक वेगाने करते.