दाखला जपून ठेवा



मी भिवंडीचा. आठवी झाली आणि अब्बांनी मला लूमवर नेलं. त्यांना दोष देत नाही, घरात खाणारी तोंडं सात होती. शिक्षण हक्क कायदा २००९चा, पण तो ६ ते १४ वयापुरताच. पंधराव्या वर्षी मुलगा कुठे गेला, हे विचारायला कुणी येत नाही.

शाळेचा दाखला मात्र अम्मीने तांदळाच्या डब्याखाली जपून ठेवला होता. तीन वर्षांनी शेजारच्या बाजी म्हणाल्या, "१७ नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावी दे." तोवर मी हे नावही ऐकलं नव्हतं! बारा तासांची पाळी, मग अभ्यास. गणितात उडालो, पुरवणी परीक्षेत निघालो.

या फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नाही. आपल्या मोहल्ल्यात आठवी-नववीनंतर कोण घरी बसलंय, हे जूनमध्येच बघा. मुलींची चौकशी आधी करा, त्यांचं सुटलेलं लवकर कळत नाही.

माझा चुलतभाऊ गेल्या वर्षापासून लूमवर आहे. उद्या त्याच्या शाळेत जातोय, नववीत परत घेतात का विचारायला. कुणी सोबत येतंय का?