हिशेब आपल्यालाच यायला हवा

(सोलापुरात सहावी ते आठवीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर बसलेल्या मुला-मुलींनो, आणि मागे बसलेल्या अम्मी-अब्बूंनो,

मला 'गणिताची भीती' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण मी आज पैशांवर बोलणार आहे, कारण आपल्या घरात गणित बहुतेक वेळा पैशांच्याच रूपात येतं.

माझी अम्मी बिड्या वळायची. दिवसाला हजार. मी सहावीत होतो, शाळेत शेकडेवारी चालू होती. अम्मी बिड्या द्यायला ब्रँचमध्ये गेली की तिथला माणूस काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. रोज साठेक. अम्मी म्हणायची, "जाऊ दे, हजारात साठ म्हणजे काय मोठं!" मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. हजारात ६० म्हणजे शेकडा ६. महिन्याचे २४ दिवस धरले तर २४,००० बिड्यांतल्या १,४४० गेल्या. म्हणजे महिन्याला जवळजवळ दीड दिवस ती फुकट राबत होती.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ब्रँचमध्ये एवढंच विचारलं, "काढलेल्या बिड्या मला मोजून दाखवा." त्या आठवड्यात साठाच्या चाळीस झाल्या. पुढं पुन्हा वाढल्या, तिनं पुन्हा मोजायला लावल्या. अन्याय संपला असं मी म्हणणार नाही. पण तो किती आहे हे तिला कळलं, म्हणून ती बोलू शकली.

आता दुसरा हिशेब. आपल्या मोहल्ल्यांत घरोघर हप्त्याचं कर्ज आहे. समजा १२,००० रुपये घेतले, बारा हप्ते, व्याज महिना शेकडा दोन. महिन्याचं व्याज २४० रुपये, वर्षाचं २,८८०. आपण म्हणतो, वर्षाला २४ टक्के. पण थांबा. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं. पहिल्या महिन्यात आपल्याकडे १२,००० असतात, शेवटच्या महिन्यात फक्त १,०००. तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वरच! वर्षभर आपल्या हातात सरासरी ६,५०० रुपयेच होते. त्यावर २,८८० रुपये व्याज म्हणजे दर चाळीस टक्क्यांच्याही वर गेला. यात सरासरी आणि शेकडेवारी यांच्यापलीकडे काही नाही. दोन्ही तुमच्याच पुस्तकात आहेत.

तिसरा हिशेब मुलींनी नीट ऐकावा. वडील वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. आजी-आजोबा आधीच गेलेले. दफनाचा खर्च आणि कर्ज भागवून २० लाखांचं घर उरलं. आपल्याकडे चालणाऱ्या वारसा कायद्याप्रमाणे पत्नीला १/८. उरलेल्या ७/८ चे पाच भाग होतात : प्रत्येक मुलाला दोन, मुलीला एक. एक भाग म्हणजे ७/४०. छेद सारखे करा : आई ५/४०, मुलगे प्रत्येकी १४/४०, मुलगी ७/४०. बेरीज ४०/४०. रुपयांत आईचे अडीच लाख, मुलाचे सात-सात लाख, मुलीचे साडेतीन लाख.

मुलीला मुलाच्या निम्मं का, यावर चर्चा व्हायलाच हवी. पण कित्येक घरांत जे कायद्यानं आहे तेसुद्धा मुलीपर्यंत पोचत नाही. भाऊ हक्कसोडपत्र समोर ठेवतो, ती सही करते. आपण साडेतीन लाखांवर सही करतोय हे तिला माहीत असतं का? माहीत असून सोडलं तर ती तिची मर्जी. माहीतच नसेल तर तिला मर्जी होती असं कसं म्हणायचं?

गंमत अशी की बीजगणिताचा जन्म याच प्रश्नांशी जोडलेला आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी समीकरणांवर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांवर आहे. त्याच ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र' वरून 'अल्जेब्रा' हा शब्द आला. भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावरही त्यांनी लिहिलं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली आणि १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीनं ती फारसीत आणली. आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथं भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आजही आहे. आणि शब्द बघा. हिशेब, रक्कम, जमा, बाकी, नफा हे सगळे अरबीतून येऊन मराठी झाले. तेव्हा गणित आपल्या लोकांचं नाही, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

अडचण खरी आहे. घरात दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, पुढं कॉलेजात इंग्रजी. उर्दू शाळेतल्या मुलाचं 'फीसद' मराठीत 'शेकडा' होतं, पुढं 'पर्सेंट'. मूल शब्दात अडकतं आणि आपण म्हणतो, त्याला गणित येत नाही. उपाय साधा आहे : वहीत तीन रकाने करा, एकच संज्ञा तिन्ही भाषांत लिहा. दोन महिन्यांत फरक दिसेल.

आणि मागे राहिलेले आपण एकटेच नाही. असरच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात आठवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येत नव्हतं. म्हणून लाजू नका. भागाकार, अपूर्णांक, दशांश चिन्ह, शेकडेवारी, गुणोत्तर, साधं समीकरण, एवढं सातवी-आठवीत पक्कं करा. ते कच्चं राहिलं की दहावीत मूल गळतं.

सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर आठवीत एनएमएमएस परीक्षेला बसा. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. अर्ज शाळेतून भरला जातो. उद्या मुख्याध्यापकांना विचारा.

शेवटी एक काम देतो. आज घरी गेल्यावर विजेचं बिल, हप्त्याचं कार्ड किंवा मजुरीचा कागद, काहीही एक घ्या. अम्मीशेजारी बसा आणि तो हिशेब तिला समजेल असा मोठ्यानं करून दाखवा. चूक तुमची निघाली तर पुन्हा करा. चूक कागदाची निघाली तर तो कागद घेऊन दोघं मिळून जा आणि विचारा.