शेवटी राखून ठेवलेला किल्ला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी माळेगाव बुद्रुकचा. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आमचा ऊस वाढतो. पाळी आली की रात्री बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला जावं लागतं. अशाच एका रात्री पुतण्या सोबत होता. त्यानं विचारलं, ''काका, हे पाणी येतं कुठनं?'' म्हटलं, ''वीरच्या धरणातनं.'' ''आणि तिथं?'' ''वर भाटघर आहे, नीरा-देवघर आहे.'' ''आणि त्यांच्यात?'' मी म्हणालो, ''डोंगरातनं.'' तर तो लगेच म्हणाला, ''कुठल्या डोंगरातनं? तुम्ही बघितलेत का?''

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याजवळ पुरतं उत्तर नव्हतं. वास्तविक मला किल्ल्यांचं वेड तरुणपणापासून. माझ्याकडे एक जुनी वही आहे. तिच्यात महाराष्ट्रातल्या किल्ल्यांची नावं लिहिलेली आहेत आणि पाहून झालेल्यांपुढे बरोबरची खूण आहे. आपल्या राज्यात साडेतीनशेच्या वर किल्ले सांगतात. वहीत खुणा थोड्या आणि मोकळ्या जागा फार. त्या मोकळ्या जागांविषयीच आज बोलायचं आहे, कारण भटकणाऱ्या माणसाला पाहिलेल्या ठिकाणांपेक्षा राहिलेली ठिकाणंच जास्त आठवतात.

पुण्यातल्या माणसाला शनिवारी मनात आलं की रविवारी सिंहगड गाठता येतो. आम्हा बागायतदारांचं तसं नाही. किल्ल्यावर जायचा उत्तम काळ दिवाळीनंतरचा. हवा थंड असते, वाटा कोरड्या असतात, लांबवरचं दिसतं. नेमका तेव्हाच कारखान्याचा गाळप हंगाम सुरू होतो. चिटबॉय येऊन सांगतो, उद्या तोड. मग टोळी येणार, गाड्या येणार, वाढं कुणाला द्यायचं ते ठरणार. त्यातून सुटलो तर खोडव्याला पाणी. मार्चनंतर मोकळीक मिळते, पण तेव्हा कातळ तापलेला असतो आणि बऱ्याच टाक्या आटलेल्या असतात. पावसाळ्यात हिरवं दिसतं खरं, पण शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय घसरतो. असं करत 'पुढच्या वर्षी' म्हणता म्हणता आमची तीस वर्षं गेली.

आता, पुढच्या वर्षी ते ठिकाण तसंच असेल, हे आपण गृहीत धरतो. बर्फावरून स्कीइंग करणाऱ्या मंडळींच्याही अशाच याद्या असतात; हा उतार झाला, तो राहिला. पण उत्तराखंडातल्या औलीला २०२३ साली पुरेसा बर्फच पडला नाही आणि तिथल्या स्पर्धा रद्द कराव्या लागल्या. आमच्याकडे याच्या उलट प्रकार आहे. इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं मंदिर उजनीच्या पाण्यात गेलं. धरणाचं पाणी पुरेसं खाली गेलं तरच ते उघडं पडतं. म्हणजे दुष्काळाच्या साली त्याचं दर्शन आणि सुकाळात नुसतं पाणी. काही ठिकाणं आपल्या सवडीसाठी थांबत नाहीत, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पुतण्याच्या प्रश्नानंतर मी वही पुन्हा उघडली आणि एक गोष्ट केली. साडेतीनशेंचा नाद सोडला. ज्यांच्या अंगावरचं पाणी शेवटी आपल्या नीरेला मिळतं, तेवढेच किल्ले वेगळे काढले. ते अकरा भरले. तोरणा, राजगड, सिंहगड, रोहिडा, रायरेश्वर, केंजळगड, कावळ्या, पुरंदर, वज्रगड, मल्हारगड आणि संतोषगड. रायरेश्वराला गड म्हणावं की पठार, यावर कुणी वाद घालील. मी तो यादीत धरला आहे.

नकाशा पुढ्यात घेतला की गंमत कळते. तोरणा-राजगडाकडचं पाणी कानंदी आणि गुंजवणी या नद्यांनी खाली येतं. सिंहगडाच्या दक्षिण उताराचं पाणी शिवगंगेतून गुंजवणीला आणि पुढे नीरेला मिळतं. खुद्द नीरा उगम पावते ती भोर तालुक्यात शिरगावजवळ, वरंध घाटाच्या अलीकडे. भाटघरचं आजचं धरण १९२८ साली पुरं झालं, ते वेळवंडी नदीवर. हे सगळं पाणी वीरला एकत्र येतं आणि तिथून कालव्यानं आमच्या दारात. मल्हारगडाच्या बाजूचं पाणी कऱ्हेतून सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती करत सोनगावला नीरेत पडतं. पलीकडून, फलटणच्या अंगानं, संतोषगडाकडची बाणगंगा येते. आणि ही नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला भेटते. म्हणजे आमचा ऊस, आमचं पिण्याचं पाणी, कारखान्याचा भोंगा, सगळ्याचं मूळ त्या कड्याकपाऱ्यांत आहे, आणि आम्ही ते अर्धंमुर्धंच पाहिलेलं.

या अकरांपैकी राजगडाला आता जगाच्या नकाशावर जागा मिळाली. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड ही तर स्वराज्याची पहिली राजधानी. तिन्ही माच्या, बालेकिल्ला, सुवेळा माचीवरचं नेढं, हे सगळं एका दिवसात उरकू नये, मुक्काम करावा. पण सुट्टीच्या दिवशी तिथं इतकी गर्दी होते की बालेकिल्ल्याच्या वाटेवर रांग लागते. गर्दी नको असेल तर त्याच नीरेच्या खोऱ्यातले बाकीचे आहेत.

भोरच्या दक्षिणेला रोहिडा घ्या. पायथ्याला बाजारवाडी. एकामागून एक दरवाजे लागतात आणि तिसऱ्या दरवाजाशी फारसी व देवनागरी असे शिलालेख आहेत. हा बांदल देशमुखांचा मुलूख, हिरडस मावळ. घोडखिंड लढवणारे बाजीप्रभू याच मावळातले. सासवडजवळ सोनोरीचा मल्हारगड तर पोराबाळांना घेऊन जावा असा आहे. चढ थोडा आणि तटबंदी बरीच शाबूत. १७५७ ते १७६० या काळात पानसे सरदारांनी तो बांधला. मराठ्यांनी उभारलेला अगदी शेवटचा किल्ला म्हणून तो ओळखला जातो. तोरणा १६४६ चा, स्वराज्याच्या आरंभाचा. म्हणजे स्वराज्यातला पहिला आणि शेवटचा, दोन्ही किल्ले आमच्या नदीच्या खोऱ्यात. हे मला वयाच्या पन्नाशीनंतर उमगलं, याची थोडी लाजही वाटते.

आता केंजळगडाची गोष्ट सांगतो. रायरेश्वराच्या शेजारी, भोर आणि वाईच्या मधल्या डोंगररांगेवर हा किल्ला आहे. माझा एक लहानपणापासूनचा सोबती आहे, आमच्याच आळीतला. पहिला तोरणा आम्ही बरोबर केला. पुढं बोलता बोलता ठरलं की केंजळगड शेवटी ठेवायचा. का? तर तिथून रायरेश्वर, रोहिडा, राजगड, तोरणा सगळे दिसतात असं ऐकलं होतं. सगळे पाहून झाल्यावर तिथं बसायचं आणि एकेकाकडे बोट दाखवून आठवणी काढायच्या. कल्पना मोठी गोड होती.

अशीच गोड कल्पना सातासमुद्रापलीकडे एकाला सुचली होती. स्कॉटलंडमधले सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली तिथल्या तीन हजार फुटांहून उंच शिखरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ शिखरं आहेत आणि हजारो लोक ती पुरी करायच्या मागे असतात. खुद्द मन्रोसाहेबांनी एक सोपं शिखर शेवटी चढायचं म्हणून राखून ठेवलं होतं. १९१९ साली ते वारले. ते शिखर राहिलं ते राहिलंच. यादी करणाऱ्याचीच यादी अपुरी राहिली.

आमचंही तसंच होत आलं होतं. सोबत्याचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चढउतार बंद करायला सांगितलं. आमच्या अकरांतले आठ झाले होते. मग एका जानेवारीत तोडीची पाळी जरा लांबली, तेव्हा तोच म्हणाला, ''चल, मी पायथ्याशी बसतो, पण तू जाऊन ये.'' पुतण्याला बरोबर घेतलं. नीरा, लोणंद, शिरवळ करत भोर आणि तिथून कोर्ले गाव. सोबती गावातच एका ओट्यावर बसला. आम्ही दोघं वर निघालो.

केंजळगडाच्या माथ्याशी अखंड कातळात खोदलेल्या पन्नासाहून अधिक पायऱ्या आहेत. पायऱ्या चांगल्या रुंद आणि उंच. चढताना दम लागतो, पण दर पायरीला वाटतं की हे कुणी छिन्नीनं फोडलं असेल, त्याला किती दम लागला असेल! वर केंजाई देवीचं बिनछपराचं ठाणं आणि चुन्याच्या भट्टीचे अवशेष आहेत. बाकी वारा. आणि खरोखरच समोर आमची सगळी यादी उभी होती. रायरेश्वराचं लांबच लांब पठार, रोहिडा, दूर राजगड आणि तोरणा. पुतण्याला एकेक नाव सांगत होतो. तो म्हणाला, ''मग काका, आपलं पाणी इथनं जातं होय!'' मी होय म्हणालो. पण ज्याच्यासाठी ती जागा राखून ठेवली होती, तो खाली ओट्यावर बसला होता.

संध्याकाळी खाली उतरलो. सोबत्यानं विचारलं, ''काय आहे वर?'' मी सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, ''एवढं सगळं दिसतं, तर आपण पहिल्यांदाच इथं का आलो नाही? कुठं कुठं जायचंय ते तेव्हाच बघून ठेवलं असतं.''

माझ्याजवळ याचंही उत्तर नव्हतं. पण त्याचं म्हणणं मला पटलं आणि तेच तुम्हाला सांगायला आलो आहे. जे ठिकाण सगळ्यांत जास्त पाहावंसं वाटतं, ते शेवटी ठेवू नका. आणि यादी करायचीच तर साडेतीनशेंची करू नका. आपल्या गावातून जी नदी, जो ओढा, जो कालवा वाहतो, त्याच्या उगमापर्यंतची करा. ती आटोपशीर असते आणि पुरी होऊ शकते. जाताना गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या, चढवत नसेल तर पायथ्यापर्यंत तरी न्या. आमच्या भागात चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी जातात आणि सासवडकडची भुतोजी तेल्याची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन मुंगी घाटाचा अवघड चढ चढते. त्यांच्यात जाणारे कुणी पुढच्या वर्षावर ढकलत नाहीत. तिथी ठरलेली असते, शेताचं काम कुणीतरी बघतं आणि माणूस जातो. किल्ल्यासाठीही अशी एखादी तारीख घरात सांगून ठेवावी, म्हणजे तोडीवाल्यांनाही आधीच कळवता येतं.

माझे आता दोन उरले आहेत. एक कावळ्या, वरंध घाटाच्या रस्त्यानं त्याचे दोन भाग केलेत, त्यामुळे गाडी अगदी त्याच्या खांद्यापर्यंत जाते. तिथं सोबत्यालाही नेता येईल आणि जवळच नीरेचा उगमही दाखवता येईल. दुसरा पुरंदरचा जोडीदार वज्रगड. त्या भागात लष्कराचा तळ आहे आणि पुरंदरावरही ओळखपत्र दाखवूनच आत सोडतात. वज्रगडाची परवानगी मिळेल की नाही, हे माझ्या हातात नाही. मिळाली तर जाईन.

कावळ्याची तारीख मात्र ठरवली आहे आणि चिटबॉयला सांगूनही ठेवली आहे.