रथाचा दोर कोणाचा?

(चिमूरच्या घोडायात्रेपूर्वीं गांवकऱ्यांपुढें केलेलें भाषण)



माघ महिना आला. शुद्ध पंचमीला चिमूरला बालाजीचें नवरात्र बसतें आणि त्रयोदशीच्या रात्रीं घोडा निघतो. लांकडी घोड्यावर श्रीहरि बालाजी स्वार होतात, घोडा रथावर असतो आणि मिरवणूक रात्रीच्या वेळीं गांवांतून फिरते. म्हणून आपले लोक त्याला रातघोडा म्हणतात. यात्रा पुढें महाशिवरात्रीपर्यंत चालते. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली वेगळा निघाला. पण यात्रेकरूंची वाट कांहीं वेगळी झाली नाहीं.

आम्ही शाळामास्तर. पोरांपुढें बाराखडी मांडतों, तशी आज तुमच्यापुढें या रथाची बाराखडी मांडणार आहों.

प्रथम देव कोठून आला तें पाहूं. चिमूरची परंपरा सांगते कीं, एका पाटलाच्या गोठ्याची जमीन उकरतांना ही मूर्ति निघाली. कथेंत खरें किती, हा वाद पंडितांनीं खुशाल करावा. आपल्याला त्यांतलें एकच घ्यावयाचें आहे. आपल्या वाडवडिलांनीं देव आकाशांतून उतरविला नाहीं, कीं कोणाच्या पोथींतून काढला नाहीं. शेणामुताच्या जागीं, कुदळीच्या टोकाशीं त्यांनीं तो पाहिला. चंद्रपुरांतहि तेंच. चैत्रांत ज्या महाकालीच्या यात्रेला नांदेडकडून व तेलंगणांतून लोक येतात, तें देऊळ गोंड राणी हिराईचें काम. ज्यांना जंगली म्हणून हिणवितात, त्यांच्याच राजघराण्यानें तें उभें केलें.

आतां रथाकडे पहा. रथ कोणताहि घ्या, त्याचें चाक बैलबंडीच्या चाकासारखेंच. तुंबा, आरे आणि पाटे हें वाढयाचें काम. धाव बसविणें लोहाराचें. धाव तापवून लाल करावी, चाकावर चढवावी आणि वरून पाणी ओतावें, म्हणजे ती आवळून बसते. वंगणाला तेल्याचें तेल, पणत्या कुंभाराच्या, घोड्याची झूल शिंप्याची, दोर वळणारा निराळा, वाजंत्री वाजविणारा निराळा. यांतला एक जरी घरीं बसला तरी देव जाग्यावरून हलणार नाहीं.

जळगांवला कार्तिकी एकादशीस रामाचा रथ निघतो. १८७२ सालापासूनची ही चाल. त्या अवजड रथाला लगाम नाहीं. चाकाखालीं मोगरी नांवाचा लांकडी ठोकळा सारून त्याला वळवितात आणि थांबवितात. हजारों हात दोर ओढीत असतात, पण सगळ्यांचे प्राण त्या मोगरीवाल्याच्या नजरेवर. वाटेंत हा रामाचा रथ लालशा बाबांच्या समाधीपाशीं थांबतो आणि तेथें चादर चढते. गांव एकोप्यानें वागलें म्हणून कोणाचा धर्म बुडाला नाहीं.

पण दोरासाठीं रक्तहि सांडलें आहे, तें विसरूं नका. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं २ मार्च १९३० रोजीं सुरू झाला. पुढें ९ एप्रिलला दोन्ही बाजूंच्या लोकांनीं मिळून रथ ओढावा असें ठरलें. ऐन वेळीं सनातन्यांनीं शब्द मोडला, रथ परस्पर पळविला आणि दगडफेक झाली. ज्यांच्या हातांनीं वळलेला दोर चालतो, त्यांचे हात त्या दोराला चालत नाहींत, हा कोणता न्याय? १९४७ सालीं आपल्या त्या वेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि १९५० पासून राज्यघटनेनें अस्पृश्यताच गुन्हा ठरविली. कायद्यानें दार उघडलें. पण गांवोगांवच्या जत्रांत मानाचा पहिला हात कोणाचा, पंगतींत कोण कोठें बसतो, बायकांनीं दोर धरावा कीं लांबूनच हात जोडावे, हें ठरविणारे आपणच आहों. तेथें कायदा नाहीं, आपलें मन पाहिजे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. दानपेटींत पडणारा रुपया तुमच्या घामाचा आहे. सार्वजनिक न्यासाच्या १९५० च्या कायद्याप्रमाणें देवस्थानाचे हिशेब तपासून घ्यावे लागतात. आपल्या गांवच्या देवळाचा हिशेब वर्षांतून एकदां चावडीवर वाचावा, असें नम्रपणें मागा. मागण्यांत भक्ति कमी होत नाहीं. उरलेल्या पैशांत गांवच्या मुलींच्या सायकली आल्या, तर देवाला राग येईल काय?

तिसरी गोष्ट तुमच्या घरची. माघांत धानाचे चार पैसे हातीं असतात, आणि सोसायटीचें पीककर्ज मार्चअखेर भरावयाचें असतें. मुदतींत भरलें तर व्याजाची सवलत मिळते. चुकलें तर ती जाते आणि पुढच्या पेरणीला सावकाराची पायरी चढावी लागते. यात्रा अगदीं त्याच दोन महिन्यांच्या मध्यें येते. पाळणा, मिठाई, नवस, पाहुणे यांत गांठ सुटते. यात्रेला जाऊं नका असें आम्ही म्हणत नाहीं. वर्षभर राबणाऱ्या माणसाला एक रात्र हवीच. पण आधीं कर्जाचा हप्ता बाजूला काढा, मग जा. पोरांनाहि न्या, परंतु दुसऱ्या दिवशीं त्यांना शाळेंत धाडा. परीक्षा जवळ असतात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें चिमूरशीं किती जवळचें नातें, हें तुम्हांस ठाऊक आहे. त्यांनीं ग्रामगीतेंत यात्रामेळ्यांवर स्वतंत्र अध्याय घातला. त्यांतला विचार घरीं एकदां वाचून पहा. वाचतां येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या.

त्रयोदशीच्या रात्रीं तुम्ही रथापाशीं उभे राहाल, तेव्हां शेजारच्याला जात विचारूं नका. तो दमला असेल तर त्याच्या जागीं आपला हात लावा. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.